कमान नको, माणूस द्या

मंडळी, आज जरा कडू लिहिणार आहे. नात्यातल्या काही जणांना झोंबेल. पण चाळीस वर्षं खडू हातात धरलेल्या माणसाने गोड तरी किती बोलायचं?

आपल्याकडे कुणी परदेशात जाऊन चार पैसे कमावले की गावासाठी काहीतरी करावं असं त्याच्या मनात येतं. फार चांगली गोष्ट. पण करतो काय? वेशीवर कमान बांधतो, देवळाला कळस चढवतो. शाळेची आठवण झालीच तर बाकं देतो आणि प्रत्येक बाकावर वडिलांचं नाव रंगवून घेतो. एका शाळेत तर भेट आलेले संगणक दोन वर्षं कपाटात कुलूपबंद पडलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. शिकवणारा नव्हता आणि वीजबिल कोण भरणार ते ठरलं नव्हतं. फोटो मात्र ऑफिसात लागलेला होता, फीत कापतानाचा.

याला मी दान म्हणत नाही. ही हौस झाली.

दान कसं असतं ते पाहायचं तर थोडं चीनमध्ये जाऊ. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर जिमेई नावाचं कोळ्यांचं गाव होतं. तिथला तान का की हा मुलगा सोळाव्या वर्षी, 1890 साली, वडिलांच्या दुकानात काम करायला सिंगापूरला गेला. पुढे अननस आणि रबर यांत त्याने अफाट पैसा केला. 1913 साली त्याने आपल्या गावात शाळा काढली. गावात शाळा अगदीच नव्हत्या असं नाही, पण त्या भावकी-भावकीच्या. एका भावकीचं पोर दुसरीच्या शाळेत जायचं नाही, आणि मुलींना तर कुठेच जागा नाही. त्याने सगळ्यांना एका शाळेत बसायला राजी केलं, मासे पाळायचं एक तळं विकत घेऊन बुजवलं आणि त्यावर इमारत उभी केली. मग मुलींची शाळा आली, शिक्षक घडवणारी शाळा आली, मासेमारी आणि नौकानयनाची शाळा आली. कोळ्यांच्या गावात मासेमारीची शाळा! माणसाने गाव नीट पाहिलं होतं, एवढंच.

1921 साली जवळच्याच शियामेनमध्ये त्याने विद्यापीठही काढलं. पुढे मंदी आली आणि 1934 मध्ये त्याची कंपनी बुडाली. विद्यापीठ 1937 साली त्याने सरकारच्या हवाली केलं. म्हातारपणी, 1950 मध्ये, तो परत येऊन जिमेईतच राहिला. आज त्याची समाधीही तिथेच आहे.

"सर, तो कोट्यधीश होता, आमचं काय?" असं कुणीतरी म्हणणारच. ठीक आहे. मग आपल्याच पुणे जिल्ह्यातलं, शिरूर तालुक्यातलं पाबळ घ्या. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन परत आले आणि हिंदुस्तान लिव्हरमध्ये मोठ्या हुद्द्यावर होते. पन्नाशी उलटल्यावर ते सगळं सोडून 1983 साली त्यांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. पाबळच का? तर ते साधं, दुष्काळी, कुणाच्या नजरेत न भरणारं गाव होतं म्हणून. इथे जमलं तर कुठेही जमेल, हा हिशेब.

तिथे त्यांनी शाळा सोडलेली, नापास झालेली मुलं हाताशी घेतली. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, पाण्याचा शोध, अशी हाताने करायची कामं देऊन त्यांतूनच विज्ञान शिकवलं. गावच्या हायस्कुलातल्या मुलांनाही आठवड्यातला एक दिवस असंच काम मिळू लागलं, आणि तो अभ्यासक्रम पुढे इतर शाळांतही गेला. कलबाग सर 2003 मध्ये गेले, पण आश्रम चालू आहे. आता सांगा, त्यांनी कमान बांधली असती तर आज तिचा रंग उडाला असता की नाही?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. शाळा चालवणं हे सरकारचं काम, आम्ही कर भरतो, मग पुन्हा पदरमोड कशाला? खरं आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने ती जबाबदारी सरकारवरच टाकली आहे आणि ती तिथेच राहिली पाहिजे. 2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायची कल्पना निघाली आणि त्याच वर्षी शाळा दत्तक देण्याची योजनाही आली. देणगीदाराने पैसे द्यावेत आणि शाळेला आपलं नाव जोडून घ्यावं! म्हणजे एका हाताने वाडीवरची शाळा बंद करायची आणि दुसऱ्या हाताने उरलेल्या शाळांवर पाट्या लावायच्या. मला हे दोन्ही मान्य नाही. सात वर्षांची पोर ओढा ओलांडून तीन कोस जाणार नाही, ती घरीच बसेल. आणि दत्तक अनाथाला घेतात. आपल्या शाळांना आईबाप आहेत, ते लक्ष देत नाहीत एवढंच.

तान का कीची गोष्ट इथेच उपयोगी पडते. एवढा धनवान, पण त्यालाही विद्यापीठ जन्मभर पोसता आलं नाही. दाता सुरुवात करू शकतो, वाट दाखवू शकतो; रोजचा गाडा गावाने आणि सरकारनेच ओढायचा असतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे फार आधी ओळखलं होतं. 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि वसतिगृहं चालवली ती घराघरातून मूठ मूठ धान्य जमवून. ज्या बाईने मूठभर जोंधळे दिले, तिला शाळा आपली वाटणारच ना!

आमच्या लोणी काळभोरचंच बघा. तुकोबांची पालखी मुक्कामाला आली की अख्खं गाव हजारो अनोळखी माणसांना जेवू घालतं. कुणी पाटी लावत नाही, कुणी पावती मागत नाही. देण्याची दानत इथे कमी नाही. तीच दानत शाळेच्या फाटकाशी का थबकते, हा माझा प्रश्न आहे. त्याच रस्त्यावर रोज सकाळी इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या भरून जातात, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत कोण शिकवतं हे विचारायलाही कुणाला सवड नसते.

म्हणून न्यूजर्सी, दुबई, सिंगापूरच्या माझ्या भाच्या-पुतण्यांनो, गावाला येताना कमानीचा नकाशा आणू नका. आधी मुख्याध्यापकांना विचारा की काय अडलंय. एखाद्या शिक्षिकेचा तीन वर्षांचा पगार द्या, प्रयोगशाळेचं वीजबिल भरा, सुट्टीतले पंधरा दिवस स्वतः वर्गात उभे राहा. आणि जे इथेच राहतात त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा, सही करून चहा पिऊन परतू नका. नाव कुठेही लिहू नका. पोरं शिकली तर ती आपोआप नाव काढतील.

पटलं नाही तर खाली लिहा, भांडू. पण आधी आपल्या गावच्या शाळेचा पट किती आहे ते विचारून या.