किल्ल्या दिल्यावर

भाईंदरच्या एकत्र घरांत सासूनें सुनेस किल्ल्या देणें सोपें. नंतर कोठीच्या दाराशीं न घुटमळणें कठीण. सुधा मूर्तींच्या दहा हजार रुपयांवर १९८१ सालीं पुण्यांत निघालेल्या इन्फोसिस कंपनींत हेंच घडलें. २०१४ सालीं विशाल सिक्का हे संस्थापकांबाहेरचे पहिले मुख्याधिकारी झाले. माजी अर्थाधिकाऱ्यास जातांना देऊं केलेल्या मोठ्या रकमेविषयीं नारायण मूर्तींनीं चारचौघांत जाब विचारला. ऑगस्ट २०१७ मध्यें सिक्कांनीं राजीनामा दिला. संचालकांनीं खापर मूर्तींवर फोडलें, त्यांनीं आरोप नाकारला.

हिशेब माजघरांत विचारावा, हें आपलें जुनें वळण. पण भागधारकांच्या पैशाला माजघर कोठलें? मूर्तींचा प्रश्न आम्हांस रास्त वाटतो. सूर मात्र सासूचा होता.

राजीनाम्यानंतर सहाव्या दिवशीं सहसंस्थापक नंदन नीलेकणी परतून अध्यक्ष झाले. जानेवारी २०१८ मध्यें किल्ल्या सलील पारेखांच्या हातीं गेल्या. म्हणजे पुन्हां बाहेरच्याच.