सायलेन्सर बदलण्याआधी कूलंट बघा

२००८ साली यामाहाची आर१५ आली, आणि दीडशे सीसीच्या गाडीलाही रेडिएटर असू शकतो हे आपल्याकडच्या पोरांनी पाहिलं. २०१२ मध्ये चाकणच्या बजाजच्या कारखान्यातून केटीएमची २०० ड्यूक बाहेर पडली, पुढच्या वर्षी ३९०. त्याच सुमाराला पल्सर २०० एनएस आली. आता या गाड्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच दुसऱ्या-तिसऱ्या हातात आहेत. मालकांच्या तक्रारीही ठरलेल्या आहेत. गाडी तापते, सिग्नलला बंद पडते, खड्ड्यात हँडल खटकतं, चेन वाजते, सकाळी स्टार्ट होत नाही.

या गाड्या चालवणाऱ्यांना, आणि मुलाला अशी गाडी घेऊन देणाऱ्या आईवडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे. यातलं जवळजवळ काहीच एका दिवसात होत नाही. गाडी आधी खूण दाखवते. ती वेळेवर पाहिली तर काम शे-पाचशेत भागतं, नाही पाहिली तर इंजिन उघडावं लागतं.

घरातल्या जुन्या शंभर सीसीच्या गाडीकडे वर्षभर पाहिलं नाही तरी ती चालते, म्हणून हीसुद्धा चालेल असं वाटतं. इथेच घोटाळा होतो. स्प्लेंडर ९७ सीसीतून सुमारे ८ अश्वशक्ती काढते. पहिली ३९० ड्यूक ३७३ सीसीतून ४३ काढायची. सीसीमागे हिशेब केला तर ड्यूकचं इंजिन चाळीसेक टक्के जास्त काम करतं. ही ताकद येते ९००० आरपीएमला, म्हणजे पिस्टन सेकंदाला १५० वेळा वर जाऊन खाली येतो. इतक्या वेगात ऑइल थोडं कमी असलं किंवा कूलंटची पातळी उतरलेली असली तरी इंजिनाला ते लगेच भोवतं. दोष गाडीच्या जातीचा नाही. एवढं काम करणाऱ्या यंत्राकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, इतकंच.

सगळ्यात आधी तापण्याबद्दल, कारण सर्वांत महागात पडणारं दुखणं हेच. पेट्रोल जळून जी ऊर्जा तयार होते तिचा मोठा भाग चाकापर्यंत पोचतच नाही, उष्णता होऊन बाहेर पडतो. चालत्या गाडीत समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवतो. कात्रजच्या चढावर किंवा लग्नसराईच्या ट्रॅफिकमध्ये गाडी रांगायला लागली की वारा बंद होतो आणि सगळा भार फॅनवर येतो. फॅन सुरू होऊन पायावर गरम झोत आला की बरेच जण घाबरतात. घाबरू नका, तो त्याचं काम करतोय. काळजी करायची ती काटा वर चढूनही फॅनचा आवाज येत नसेल तेव्हा. फ्यूज उडालेला असतो, कनेक्टरमध्ये पाणी गेलेलं असतं, कधी फॅनची मोटर चिखलाने जाम झालेली असते. तिन्ही कामं छोटी आहेत. त्यांच्याकडे दुर्लक्ष करून गाडी पुढे रेटली तर हेड गॅस्केट जातं, आणि तेव्हाचं बिल छोटं नसतं.

कूलंटच्या बाटलीवर वरची आणि खालची अशा दोन रेघा असतात. आठवड्यातून एकदा, इंजिन थंड असताना, पातळी त्या दोघींमध्ये आहे ना ते पाहा. कमी झाली असेल तर नळाचं किंवा बोअरचं पाणी कृपा करून ओतू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात, आणि कूलंटमधली गंज रोखणारी द्रव्यं पातळ झाल्याने ॲल्युमिनियम खायला सुरुवात होते. तयार मिळणारं कूलंट घाला, नाहीतर कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळून घ्या. अडल्या वेळी रस्त्यात साधं पाणी घालावं लागलंच, तर घरी आल्यावर सगळं काढून नवीन भरा.

दर महिन्याला भर घालावी लागत असेल तर कूलंट कुठेतरी जातंय. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. पंपाच्या दांड्यावर एका बाजूला कूलंट, दुसऱ्या बाजूला ऑइल, आणि मध्ये सील. सील झिजलं की त्या भोकातून थेंब गळायला लागतात. ते भोक त्याच कामासाठी ठेवलेलं आहे. तिथे एम-सील थापून गळती बंद करणारे लोक आहेत. तसं केलं तर बाहेर जाणारं कूलंट ऑइलमध्ये उतरू लागतं. ऑइलच्या काचेत दुधाळ चहासारखा रंग दिसला, की गाडी तिथेच थांबवा आणि टेम्पोत घालून गॅरेजला न्या. आपणच चालवत हळूहळू नेऊ, हा विचारसुद्धा करू नका.

गाडी तापलेली असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. झाकणाच्या दाबामुळे आतलं कूलंट १२० अंशांपर्यंत उकळत नाही. दाब सुटला की ते क्षणात उकळून तोंडावर उडतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका. सावलीत उभी करा, इंजिन बंद करा आणि थांबा.

आता ऑइल. या इंजिनांत ते फार नसतं. ३९०मध्ये पावणेदोन लिटरच्या आत, दीडशे सीसीच्या गाड्यांत लिटरच्या आसपास. सतत वरच्या आरपीएमला चालवली तर थोडं जळणारच, म्हणून दोन सर्व्हिसिंगच्या मध्येही पातळी पाहा. गाडी सपाटीवर सरळ उभी करून पाहायची, साइड स्टँडवर नाही. ऑइल घेताना डब्यावर 'जासो एमए२' लिहिलंय का ते वाचा. आपल्या गाडीत क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. कारला ती चांगली, पण तुमच्या क्लच प्लेटा त्यांच्यामुळे घसरतात. आरपीएम वाढतो, गाडी उचलत नाही आणि क्लच गेला असं निदान होतं. अर्थात क्लच खरोखर जाण्याचं कारण बहुतेक वेळा आपला डावा हात असतो. ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर गाडी तोलत राहू नका. थांबलात की न्यूट्रल करा.

टॅपेटच्या बाबतीत एक गैरसमज फार नुकसान करतो. आवाज येत नाही म्हणजे वाल्व ठीक, असं लोक धरून चालतात. ढिला झालेला टॅपेट वाजतो हे खरं. पण या इंजिनांत वाल्व हळूहळू सीटमध्ये बसत जातात आणि फट कमी होते, तेव्हा आवाज उलट घटतो. वाल्व पुरता बंद होत नाही, जळका गॅस त्याच्या कडेने निसटतो आणि वाल्वची कड जळते. गरम झाल्यावर स्टार्ट व्हायला कुरकुरणारी, रनिंग न धरणारी गाडी बऱ्याचदा हेच सांगत असते. मॅन्युअलमध्ये ज्या किलोमीटरला फट तपासायला सांगितली आहे त्याला ती तपासूनच घ्या. टाकी आणि एअरबॉक्स काढावे लागतात, म्हणून काही ठिकाणी हे काम कागदावरच उरकलं जातं. तपासल्यावर मिळालेली मापं जॉबकार्डवर लिहून मागा. काम खरंच केलं असेल तर आकडे द्यायला कोणाची हरकत नसते.

सिग्नलला बंद पडणं ही फार जुनी तक्रार. आधी साध्या गोष्टी पाहा. थ्रॉटल बॉडीत काजळी धरली की बंद थ्रॉटलला पुरेशी हवा जात नाही. साइड स्टँडचा स्विच चिखलाने अडकला की इंजिन बंद होतं आणि गाडीला मोठा रोग झाल्यासारखं वाटतं. एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला ते आठवून बघा. त्यानंतर तुम्ही स्वतः काय बदललंय ते तपासा. मोकळा सायलेन्सर आणि उघडा फिल्टर लावला की हवेचं गणित बदलतं, आणि इंजेक्शनचं पेट्रोल त्या मापाने वाढलं नाही तर मिश्रण कोरडं होऊन इंजिन जास्त तापतं. आवाजाने गाडी पळत नाही. त्या पैशात चांगले टायर आणि ब्रेक पॅड येतात, शिवाय पोलिसांचा दंड वाचतो.

बॅटरीचंही तसंच. मोठा हॉर्न, फॉगलॅम्प, मोबाइल चार्जर, सगळं मूळ वायर सोलून जोडलेलं असतं आणि सकाळी बॅटरी उतरली की दोष गाडीला. मल्टिमीटर लावून बघा. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण १४ दिसले पाहिजेत. चालू असतानाही १३च्या खाली असेल तर नवी बॅटरी घेण्याआधी रेक्टिफायर आणि कॉइल तपासून घ्या, नाहीतर नवीही तशीच उतरेल.

खड्ड्यांचा मार कोनसेट आणि पुढचे शॉकअब खातात. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागे-पुढे हलवा. हँडलपाशी 'टक' असा धक्का हाताला जाणवला तर कोनसेट ढिला आहे. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर बेअरिंगच्या वाट्यांना खड्डे पडलेत. तो आवळून सुधारत नाही, बदलावाच लागतो. शॉकअबच्या नळीवर ऑइलचा ओला पट्टा दिसला तर सील गेलंय. हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका, कारण ते ऑइल ओघळून डिस्कवर आणि पॅडवर जातं. आंबोलीच्या किंवा ताम्हिणीच्या उतारावर पुढचा ब्रेक लागला नाही तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. ब्रेक ऑइलही दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि लांब उतारावर तापलं की त्या पाण्याची वाफ होऊन लिव्हर हँडलपर्यंत येतो.

चेन ही अशी एकच वस्तू आहे जी घरच्या घरी नीट सांभाळता येते, आणि तीच सगळ्यात दुर्लक्षित असते. साधारण ५०० किलोमीटरला, पावसात त्याआधीच, केरोसिन किंवा चेन क्लीनरने मऊ ब्रशने धुवा, पुसा, मग चेन ल्यूब मारा. पेट्रोल आणि तारेचा ब्रश नको, त्याने चेनच्या कड्यांमधल्या रबरी ओ-रिंगा खराब होतात. वाजते म्हणून चेन करकचून ताणू नका. माणसं बसल्यावर मागचं चाक वर जातं आणि चेन आणखी ताणली जाते. रिकाम्या गाडीवर घट्ट वाटणारी चेन दोघं बसल्यावर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ओढ आणते. किती ढील ठेवायची तो आकडा मॅन्युअलमध्ये असतो, बऱ्याच गाड्यांच्या स्विंगआर्मवर स्टिकरही असतो.

इथे एका गोष्टीची विनंती करतो. पॅडॉक स्टँडवर गाडी चालू करून, पहिल्या गिअरमध्ये चाक फिरत ठेवून, हातात फडकं घेऊन चेन पुसू नका. फडकं चेनमध्ये ओढलं जातं आणि त्याच्यामागून बोटं स्प्रॉकेटमध्ये जातात. अशी बोटं तुटलेली तरुण मुलं आहेत. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, चाक हाताने फिरवायचं. दहा मिनिटं जास्त लागतील. लागू द्या.

वॉशिंग सेंटरवर जेटचा झोत चेनवर, कोनसेटवर, चाकाच्या बेअरिंगवर आणि रेडिएटरवर जवळून मारू देऊ नका. ग्रीस धुऊन जातं, रेडिएटरच्या पातळ पट्ट्या वाकतात आणि वारा जायची वाट बंद होते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी आणखी थोडं सावध राहायला हवं. गाडी बघायला जाताना आधीच सांगा की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. गेल्यावर इंजिनाला हात लावून ते गार आहे का पाहा. गरम असेल तर सकाळच्या पहिल्या स्टार्टिंगला काय होतं ते तुमच्यापासून लपवलेलं असू शकतं. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल तर बिघाड झाकण्यासाठी काढून टाकला असण्याची शंका घ्या. मागची नंबरप्लेटची दांडी घासलेली असेल, सबफ्रेमला नवं वेल्डिंग असेल, तर गाडीने स्टंट केलेले आहेत आणि तिचा क्लच आणि कोनसेट तुम्हाला बदलावा लागणार हे धरूनच किंमत ठरवा. ऑइलची काच आणि कूलंटची बाटली दोन्ही बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

वॉरंटीतल्या गाडीची तक्रार तोंडी सांगून येऊ नका. 'पिकअप नाही' एवढं लिहून काही होत नाही. 'दहा किलोमीटर चालल्यावर, ट्रॅफिकमध्ये, फॅन सुरू असताना बंद पडते' असं तुमच्या शब्दांत जॉबकार्डवर लिहून घ्या, प्रत घ्या, बदललेला जुना भाग परत मागा. तीच तक्रार दोन-तीन वेळा कागदावर आली की ती टाळणं अवघड होतं. तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. फोन करताना ती जॉबकार्डं हाताशी ठेवा, तारखा विचारतात.