शिफारशीचा कागद
सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-रावेरकडे पिढ्यानपिढ्या राहिलेल्या तडवी समाजातील जळगावची एक कन्या वैद्यकाची पदवी संपादून मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासास लागते, तेव्हा तिच्या योग्यतेचा निवाडा प्रवेशपरीक्षेने कायमचा केला, अशी आपली भाबडी समजूत असते. परंतु २२ मे २०१९ रोजी डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केल्यावर कुटुंबीयांनी जी फिर्याद गुदरली, तिच्यात जातीवाचक अवहेलनेबरोबरच प्रसूती व शस्त्रक्रियेच्या कामापासून दूर ठेवल्याचीही तक्रार होती. माझ्या मते दुसरी बाब अधिक विचारणीय आहे, कारण शिवी निदान ऐकू येते, नाकारलेली संधी मात्र कोणत्याही दफ्तरात नोंदली जात नाही, आणि पुढे अध्यापकपद, संशोधनाचे अनुदान, वरिष्ठांची शिफारस ही सारी त्या संधीवरच अवलंबून. दिल्लीच्या ‘एम्स’मधील जातीय भेदभावाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीने २००७ सालीच हे पुरेसे स्पष्ट केले होते. अमेरिकेचे प्रकरण वेगळे, तिथे जातीच्या जागी वर्ण आहे. तरी शिक्षण व प्रसिद्ध निबंध हिशेबात धरूनही कृष्णवर्णीय जीववैद्यक संशोधकांना सरकारी अनुदान मिळण्याची शक्यता गौरवर्णीयांहून शंभरात सुमारे १० ने कमी असल्याचे २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले गेले, आणि अनुदान देणाऱ्या तेथील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेने चौकशी आरंभिली. आपल्याकडे मात्र शिक्षणसंस्थांतील जातिभेदाला आळा बसावा यासाठी पायलच्या मातोश्री आबेदा तडवी यांना, हैदराबाद विद्यापीठात आत्महत्या केलेल्या रोहित वेमुला यांच्या मातोश्री राधिका वेमुला यांच्यासमवेत, सर्वोच्च न्यायालयात अर्ज घेऊन जावे लागले.