रडणारासुद्धा मत देतो

“काहून रडून रायला बे? कार्टून तं होय ना!” भंडारा जिल्ह्यात ज्या घरात कॉलेजला जाणारं पोट्टं आहे आणि मोबाइलवर जपानी मालिका चालते, त्या घरात हे वाक्य कधी ना कधी ऐकू येतंच. मोठ्यांना दोन गोष्टी खटकतात. काढलेल्या चित्रांसाठी डोळे भरून यावेत ही एक, आणि ते मुलग्याचे असावेत ही दुसरी. दोन्हींचं उत्तर एकच आहे. टोमणा मारणारे हेच काका-मामा दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत रात्री नाटकाच्या मंडपात बसतात आणि तोंडाला रंग फासलेल्या नटाच्या खोट्या मरणावर मफलरनं डोळे पुसतात. तो नट खरा मेलेला नाही, उद्या दुसऱ्या गावात पुन्हा मरणार आहे, हे ठाऊक असूनही पुसतात. आपण आपल्या जागी असतो आणि तरी दुसऱ्याच्या जिवात शिरलेलो असतो, या अवस्थेला न. चिं. केळकरांनी सविकल्प समाधी म्हटलं होतं. ती साकोलीच्या मंडपात लागते, तशी पाच इंचांच्या पडद्यावरही लागते.

म्हणून या आठवड्यात पोट्ट्यांची बाजू घेतो. शेवटी त्यांनाही दोन शब्द ऐकवणार आहे.

ज्या मालिकेवर एवढं रडणं चालतं तिचं नाव ‘डेमन स्लेयर’. कोयोहारू गोतोगे यांची ही चित्रकथा २०१६ ते २०२० या काळात जपानच्या ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात आली आणि युफोटेबल या स्टुडिओनं तिची मालिका केली. तान्जिरो या कोळसा विकणाऱ्या पोराचं कुटुंब राक्षस मारतो. उरते ती बहीण, नेझुको, आणि तीही राक्षस झालेली. तिला लाकडी पेटीत घालून, पाठीवर घेऊन तो राक्षसांच्या मागे निघतो. रक्त, कापलेली मुंडकी, काळोख सगळं आहे. लहान लेकरांना दाखवायची ही गोष्ट नव्हे.

पण मला सांगायचं आहे ते १३ फेब्रुवारी २०२२ रोजी दाखवल्या गेलेल्या एका भागाबद्दल. ज्यांना पुढे पाहायचा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा. ग्युतारो आणि दाकी या दोन राक्षस भावंडांनी अनेक भाग माणसं मारली आहेत. शेवटी दोघांची मुंडकी उडतात, रस्त्यावर पडतात आणि तशीच एकमेकांशी भांडू लागतात. तुझ्यामुळे हरलो, नाही, तुझ्यामुळे. भाऊ बहिणीला वाट्टेल ते बोलायला लागतो तेव्हा तान्जिरो, ज्याला त्यांनी अर्धमेलं केलं आहे, पुढे येऊन त्या मुंडक्याच्या तोंडावर हात ठेवतो. हे तुझ्या मनातलं नाही, असं म्हणतो. मग कळतं, की ही दोघं योशिवाराच्या वेश्यावस्तीतल्या सगळ्यात खालच्या थरात जन्मली. बहिणीनं एका सामुराई गिऱ्हाइकाचा डोळा फोडला म्हणून तिला बांधून जिवंत जाळलं. होरपळलेल्या बहिणीला घेऊन भाऊ बर्फात फिरला आणि कुणी दार उघडलं नाही. मेल्यावर भाऊ तिला उजेडाकडे जायला सांगतो. ती ऐकत नाही, त्याच्या पाठीला बिलगते. तिला तसंच घेऊन तो आगीत चालत जातो.

मालिकेचा नायकही बहिणीला पाठीवरच वाहतो. नायक आणि राक्षस यांच्यात अंतर किती, तर कुणीतरी वेळेवर दार उघडलं एवढंच. हे चित्रातून दाखवलं आहे. यावर वीस वर्षांचं पोट्टं रडत असेल तर त्याची अक्कल शाबूत आहे असं मी समजतो.

आता आपल्याकडे या. झाडीपट्टीचं नाटक रात्री उघडतं आणि पहाटे संपतं. वडशाच्या नाटक कंपन्या दर हंगामाला नवी नाटकं बसवतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीतली गावं मंडई, शंकरपट अशी निमित्तं धरून ती आणतात. झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीची दखल दिल्लीनंही घेतली. मंडपात खलनायक आला की बायका त्याला मनापासून शाप देतात. निळू फुले यांना पडद्याबाहेरही बायकांचा राग सोसावा लागला, तो याच जातीचा. तीच मंडळी सुनेच्या किंवा आईच्या मरणाला हुंदके देतात.

आणि मंडपातला हुंदका नटाला ऐकू येतो. मुख्य फरक इथे आहे. हुंदके वाढले की नट वाक्य सावकाश घेतो. ऑर्गनवाला सूर सोडत नाही. मरणारी आई लेकाचं नाव आणखी एकदा घेते, मग आणखी एकदा. कुणीतरी नोट पाठवतं, माइकवर नाव पुकारलं जातं. दुसऱ्या गावी हा प्रवेश दोन मिनिटं लांबलेला असतो. हंगाम संपेपर्यंत आई दोनदा मरून उठल्यासारखी वाटते. लेखकानं लिहिलेला करुण प्रसंग प्रेक्षकानं वाढवला आणि बिघडवलाही.

हे झाडीतच होतं असं नाही. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला गेले, म्हणजे आपल्यापासून फार दूर नाही. ‘एकच प्याला’ पुढच्याच महिन्यात बडोद्याला रंगमंचावर आलं. बालगंधर्वांच्या सिंधूपुढे महाराष्ट्र किती रडला हे गडकऱ्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय केलं असतं कोण जाणे. गंधर्व कंपनीनं मात्र प्रेक्षकांचं ऐकलं. वन्समोअर मिळत गेले, पदं लांबत गेली, नाटक पहाटेपर्यंत चालू लागलं. नवऱ्याच्या दारूपायी उपाशी असलेली बाई प्रेक्षकांच्या आग्रहाखातर तेच पद पुन्हा पुन्हा गाते, यात काही विसंगत आहे असं रडणाऱ्यांना वाटलं नाही.

जपानला हुंदका ऐकू जात नसेल, असं वाटतं ना? जातो. ‘शोनेन जंप’च्या अंकात वर्षानुवर्षं वाचकांसाठी कार्ड असायचं. आवडलेल्या गोष्टी लिहून ते टपालानं पाठवायचं. ज्या कथेला कार्डं कमी, ती मागे पडायची आणि लवकरच बंद व्हायची. म्हणजे त्या मंडपातही माइकवर नावं पुकारलीच जायची, फक्त टपालातून. मग मेहनती लेखकालाही कळतं, की राक्षस मरण्याआधी त्याचं दुःखी बालपण दाखवलं की माणसं हमखास विरघळतात. २०२० च्या ‘मुगेन ट्रेन’ या चित्रपटात अकाझा नावाच्या राक्षसानं रेंगोकू या लाडक्या योद्ध्याला मारलं, तेव्हा जगभर लोकांनी त्याला शिव्या घातल्या. ‘इन्फिनिटी कॅसल’ हा नवा चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ पासून आपल्याकडे हिंदी, तमिळ, तेलुगूतही लागला. त्यात लढाई मध्येच थांबवून याच अकाझाची लांबलचक पूर्वकथा आली आणि तीच माणसं त्याच्यासाठी रडली. पूर्वकथा चांगली आहे. पण ग्युतारोच्या वेळी जी गोष्ट अंगावर आली, ती इथे येणार हे मला आधीच कळलं होतं. डोळे तरी भरले. डोळ्यांना साचा कळत नाही, म्हणून तर साचा चालतो.

माझं म्हणणं एवढंच, की रडणं हे मतदान आहे. आपण कशावर रडतो ते समोरचा मोजत असतो, आणि तेच आपल्याला पुढच्या हंगामात वाढून मिळतं. ‘मला रडू आलं, म्हणजे चांगलं आहे’ हा निकष त्यामुळे अपुरा पडतो. रडू कशानं आलं ते विचारायला हवं. सून मेली म्हणून, की तिला मरू देणाऱ्यांत आपलाही चेहरा दिसला म्हणून? पहिल्याला ऑर्गन पुरतो. दुसऱ्याला लेखक लागतो.

झाडीपट्टीवाल्यांनी जपानकडून घेण्यासारखी एक गोष्ट मला दिसते: खलनायकाला भूतकाळ द्या. सावकार, सरपंच, सावत्र आई पहिल्या प्रवेशापासून वाईट असतात आणि शेवटपर्यंत वाईटच राहतात. त्यांना शाप देणं सोपं असतं, कारण ते आपल्यापैकी कुणीच नसतात. आणि दुसरं, हुंदका विरण्याआधी डान्स लावू नका. विनोदाबद्दल माझी तक्रार नाही. खुण्यांसारख्या विनोदी नटाला पद्मश्रीपर्यंत नेणारी ही रंगभूमी आहे, तिथे हसू आणि रडू शेजारी बसायचंच. पण नऊवारीतली आई जाते, पडदा पडतो आणि तोच उघडून रेकॉर्डवर ठुमका सुरू होतो, तेव्हा त्या मरणाची किंमत कंपनीनंच शून्य ठरवलेली असते. ‘मागणी आहे’ असं कंपन्या सांगतात. खरंच आहे. शिट्ट्या मोजल्या गेल्या, हुंदके मोजले गेले, नंतरची अस्वस्थता कुणीच मोजली नाही.

पोट्ट्यांना आता दोन शब्द. तुम्ही ज्याच्यावर रडता ते तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर तयार होऊन गेलेलं असतं. तुम्ही एका जागी थांबवलं, मागे घेतलं, पुन्हा पाहिलं, तरी तान्जिरोचा हात तितकाच वेळ त्या तोंडावर राहतो. गावातल्या मंडपात तसं नाही. तिथे तुम्ही हसायच्या जागी हसला नाहीत, तर नटाला पाच सेकंदांत कळतं आणि पुढच्या गावी तो ते वाक्य बदलतो. एवढी ताकद हातात असून तुम्ही ती काका-मामांवर सोडली आहे, आणि मग नाटकं काका-मामांसारखी आहेत म्हणून नाक मुरडता.

यंदा गावाचं मंडळ नाटक ठरवायला वडशाला जाईल, तेव्हा त्यात दोन विशीतली पोरं असू द्या. पोस्टरवर नर्तकीचा फोटो केवढा आहे ते मोठे पाहतीलच. पोरांनी कंपनीच्या माणसाला एकच विचारावं: तुमचा खलनायक असा का झाला? उत्तर असेल तर नाटक घ्यावं. नसेल तर शेजारच्या कंपनीचं दार ठोठावावं.