आरंभीचा वेग विसरू नका!

कबड्डीचा सामना तुम्ही पाहिलाच असेल. चढाईला गेलेला गडी वेगाने पुढे घुसतो आणि एवढ्यात त्याला दिसते की, बाजूची साखळी आपल्यावर चालून येत आहे. त्याला तत्काळ परतायचे असते. पण तो त्याच क्षणी उलट दिशेने धावू लागतो काय? नाही. त्याचे पाऊल आधी थोडे पुढेच घसरते, वेग कमी होत होत शून्य होतो आणि मगच तो मध्यरेषेकडे वळतो. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेल्या नियमांतून गड्याची सुटका नाही.

आता मोबाइलच्या पडद्याकडे या. एखाद्या वेबपानावर कोपऱ्यातील बटणाला बोट लावले की, बाजूने यादीचा कप्पा सरकत बाहेर येतो. तो अर्ध्यावर असतानाच तुमचे मन बदलले आणि तुम्ही पुन्हा बोट लावले, तर काय होते? पुष्कळ पानांवर तीनपैकी एक प्रकार आढळतो. कप्पा तुमचे ऐकतच नाही, आधी पूर्ण उघडतो. किंवा तो एका उडीत दुसऱ्या टोकाला जातो. किंवा आहे तेथेच खिळ्याने ठोकल्यासारखा थांबून उलटा सरकू लागतो. तिसरा प्रकार त्यातल्या त्यात बरा, पण तोही डोळ्यांना खटकतो. का खटकतो, हे पाहू.

माझ्या एका विद्यार्थ्याने असे पान स्वतः तयार करून मला दाखविले. मी मुद्दाम दोनदा भराभर बोट लावले. कप्प्याने हिसका दिला. तो म्हणाला, “सर, ते असंच असतं.” गतीच्या समीकरणांत या मुलाला पैकीच्या पैकी गुण होते! मी घरी येऊन आमची उदाहरणे चाळली. बहुतेकांची सुरुवात एकच : “एक वस्तू विराम अवस्थेतून निघते...” म्हणजे आरंभीचा वेग शून्य! आम्ही शिक्षकांनीच त्याला ही सवय लावली होती. त्या दिवसापासून माझे मत झाले आहे की, दोष यंत्राचा नसून आपल्या विचारपद्धतीचा आहे.

थोडे गणित करू. समजा, कप्प्याला ३०० पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे ३०० ठिपके, ०.३ सेकंदात सरकायचे आहे. अर्धे अंतर समान त्वरणाने आणि अर्धे समान मंदनाने. सरासरी वेग सेकंदाला १,००० पिक्सेल, म्हणून मध्यावरचा वेग त्याच्या दुप्पट, २,००० पिक्सेल. नेमक्या याच क्षणी तुम्ही त्याला परत फिरविले. पान तयार करणाऱ्याने कप्प्याची जागा लक्षात ठेवली, पण वेग विसरला, तर तो २,००० वरून क्षणार्धात शून्यावर येतो. वेगातील फरक मोठा आणि काळ जवळजवळ शून्य, म्हणजे त्वरण अफाट! खऱ्या जगात असे फक्त भिंतीवर आदळल्यावर घडते. तुमच्या डोळ्याला जाणवतो तो हाच धक्का.

वेबपानांच्या सजावटीची जी भाषा आहे, ती सीएसएस, तिच्यातील नेहमीच्या सोयींचेही असेच आहे. आधी आखून दिलेली हालचाल मध्येच काढून घेतली, तर वस्तू मूळ जागी उडी घेते. दुसऱ्या सोयीत, जिला ट्रान्झिशन म्हणतात, वस्तू असेल त्या जागेपासून परत निघते आणि परतीचा काळही प्रमाणात कमी केला जातो. पण तेथेही आधीचा वेग पुढे नेला जात नाही.

मग उपाय काय? उपाय जुनाच आहे : स्प्रिंग! रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये सांगितलेल्या नियमाप्रमाणे स्प्रिंगचे बल ताणाच्या प्रमाणात असते. त्याला वेगाच्या प्रमाणातील विरोध जोडा आणि कप्प्याचे त्वरण असे ठरवा : उणे ४०० गुणिले अंतर, उणे ४० गुणिले वेग. अंतर बंद स्थितीपासून मोजायचे. हे आकडे असे निवडले आहेत की, कप्पा हेलकावे न खाता शक्य तितक्या लवकर स्थिरावतो. यालाच क्रांतिक अवमंदन म्हणतात.

आता अंतर १५० आणि वेग २,००० घेऊन सुरुवात करा. अचूक उत्तर असे येते की, कप्पा आधी सुमारे १८ पिक्सेल पुढेच जातो, ०.०२ सेकंदात थांबतो आणि मग वळतो. ०.३ सेकंदानंतर तो बंद स्थितीपासून अवघ्या ४ पिक्सेलवर असतो. कबड्डीतला गडीच नव्हे काय हा! शिवाय, कितीही वेळा मन बदला, नियम तोच राहतो. फक्त पोहोचण्याची जागा बदलते.

तुम्ही म्हणाल, पडद्यावरचा कप्पा हे नुसते चित्र. त्याला ना वस्तुमान, ना जडत्व. मग त्याने न्यूटनला का भ्यावे? व्यंगचित्रपटांत तर सगळेच नियम मोडतात! शंका योग्य आहे. पण चित्रपट आणि वेबपान यांत एक मोठा फरक आहे. चित्रपटातील प्रत्येक हालचाल आधीच ठरलेली असते, प्रेक्षक ती अडवू शकत नाही. वेबपानावर मात्र पुढच्या क्षणी वाचक काय करील, हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून तेथे आखून ठेवलेली चित्रमालिका पुरत नाही, प्रत्येक क्षणी लागू पडणारा नियमच हवा. आणि ज्या डोळ्यांनी जन्मापासून चेंडू, झोपाळे आणि दारे पाहिली, ते डोळे पडद्यासमोर बसल्यावर बदलत नाहीत.

माझे याहून आग्रहाचे म्हणणे असे की, यात प्रश्न केवळ देखणेपणाचा नाही. “थांबा, माझे सरकणे पूर्ण होऊ द्या,” असे यंत्राने माणसाला सांगणे हा उद्धटपणा आहे. चुकून भलत्याच ठिकाणी बोट लागलेल्या आजोबांना ताबडतोब मागे फिरता आले पाहिजे. ज्यांच्या अंतर्कर्णात दोष आहे, त्यांपैकी काहींना पडद्यावरच्या मोठ्या हालचालींनी घेरी येते. त्यांच्यासाठी फोन व संगणकात हालचाली कमी करण्याची सोय असते आणि वेबपानाला ती निवड ओळखता येते. ती न पाळणारे पान कितीही गुळगुळीत असले, तरी मी त्याला चांगले म्हणणार नाही.

आता वही घ्या. वेळेची पायरी ०.०१ सेकंद धरा. आधी त्वरण काढा. त्याला ०.०१ ने गुणून वेगात मिळवा. नव्या वेगाला ०.०१ ने गुणून अंतरात मिळवा. पहिल्या पायरीत त्वरण उणे १,४०,०००, वेग ६०० आणि अंतर १५६ येईल. दुसऱ्या पायरीत वेग उणे २६४ आणि अंतर १५३.३६, म्हणजे कप्पा वळला! पायरी लहान करीत गेलात, तर सर्वांत दूरचे अंतर १५६ वरून वाढत १६८ च्या जवळ जाईल. संगणक हेच करतो, फक्त तुमच्याहून भराभर.

आणि पुढच्या वेळी गुरुजींनी विराम अवस्थेतून निघणाऱ्या वस्तूचे उदाहरण घातले, तर हात वर करून नम्रपणे विचारा, “ती आधीच चालत असेल तर?” जगातील बहुतेक वस्तू आधीच चालत असतात.