चाक हाती येण्यापूर्वी

पोलादी पत्र्याच्या गुंडाळ्या, पुलांचे गर्डर, पवनचक्क्यांची पाती, कारखान्यांची यंत्रे. देशाची उभारणी ज्या वस्तूंनी होते, त्यांतील बहुतेक अवजड वस्तू उघड्या, सपाट ट्रेलरवरून वाहिल्या जातात. या ट्रेलरला हौदा नसतो, बाजूला फाळके नसतात, वर छप्पर नसते. माल आणि रस्ता यांच्यामध्ये असतात ते केवळ साखळदंड, पट्टे आणि चालकाची अक्कल. साखळदंड कोठून येतात हे ठाऊक असते. चालकाची ही अक्कल कोठून येते, याचा विचार मात्र आपल्या समाजाने फारसा केलेला नाही.

कालपरवापर्यंत या प्रश्नाला एक उत्तर होते. खेड्यातला पोरगा क्लीनर म्हणून गाडीवर चढे. काचा पुसणे, चाकांत हवा पाहणे, ताडपत्री बांधणे, रात्री मालाची राखण करणे ही त्याची कामे. तीन-चार वर्षे उस्तादाच्या शेजारी बसून तो घाट कोणत्या गिअरमध्ये उतरावा, भरलेली गाडी कोठे झोल खाते, रस्सा कधी सैल झाला हे कानाने आणि अंगाने शिके. या पद्धतीत मारझोड होती, शोषण होते आणि उस्तादाच्या चुकाही शिष्याच्या अंगी मुरत. तरीही ती एक परंपरा होती. कोणी तरी कोणाला तरी शिकवीत होते. आज खर्च वाचविण्यासाठी अनेक ट्रेलरांवर क्लीनर ठेवलाच जात नाही. उस्तादाशेजारची जागा रिकामी झाली आणि तिच्याबरोबर शिक्षणाची ती वाटही बुजली. तिच्या जागी आपण काय उभे केले?

कायद्याच्या पुस्तकात उत्तर आहे, पण ते तोकडे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार व्यावसायिक वाहन चालविण्यास वयाची वीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि हलके वाहन चालविण्याचा किमान एक वर्षाचा परवाना हाती असावा लागतो. चालन-प्रशिक्षण शाळांसाठी १९८९ च्या केंद्रीय नियमांनी अवजड वाहनाकरिता प्रत्यक्ष चालविण्याचे किमान पंधरा तास ठरविले. २०२१ मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची नवी योजना आली. तिच्यात अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण अशी केंद्रे गरजेच्या मानाने थोडी आहेत. चाचणी बहुधा रिकाम्या वाहनावर होते, आणि रिकामा ट्रक व भरलेला ट्रेलर यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ट्रेलर मागे घेताना सुकाणू डावीकडे वळविले की त्याची शेपटी उजवीकडे जाते. एवढी साधी गोष्टसुद्धा नवा माणूस बहुधा पहिल्या मालासोबतच शिकतो.

येथे एक विसंगती नजरेआड करता येत नाही. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने अवजड वाहनांची भारमर्यादा वाढविली आणि सर्वात मोठ्या ट्रेलरांचे एकूण वजन ४९ टनांवरून ५५ टनांपर्यंत नेण्यास मुभा दिली. पुढच्याच वर्षी व्यावसायिक चालकासाठी असलेली आठवी उत्तीर्णतेची अट काढून टाकण्यात आली. दोन्ही निर्णयांमागे समर्थनीय कारणे होती. हाताचे कसब शाळेच्या दाखल्यावर मोजू नये, हे तर आम्हालाही मान्य आहे. पण ओझे वाढले आणि दाखला गेला, तेव्हा कसबाची परीक्षा त्याच प्रमाणात कठोर व्हायला हवी होती. तशी ती सर्वत्र झाली, असे म्हणता येत नाही.

अमेरिकेचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. तेथील प्रत्येक गोष्ट अनुकरणीय नसते. या बाबतीत मात्र त्यांनी अनुभवाचे शास्त्र बनविले आहे. ७ फेब्रुवारी २०२२ पासून तेथे नोंदणीकृत संस्थेत प्रशिक्षण घेतल्याशिवाय नव्या चालकाला अवजड वाहनाच्या परवान्याची चाचणीच देता येत नाही. परवाना मिळाल्यावरही मोठ्या कंपन्या त्याच्या हाती लगेच एकट्याने गाडी देत नाहीत. काही आठवडे तो अनुभवी प्रशिक्षक-चालकासोबत खऱ्या मालासह खऱ्या रस्त्यावर हिंडतो. सपाट ट्रेलर चालवायचा असेल, तर माल बांधण्याचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते. साखळी कशी ताणावी, धारदार कडेवर पट्टा कापला जाऊ नये म्हणून काय ठेवावे, जड ताडपत्री वाऱ्यात कशी पसरावी, हे त्याच्याकडून पुन:पुन्हा करून घेतले जाते.

या शिक्षणामागे ठाम नियम आहेत. पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या आठ-दशांश इतका रेटा बांधणीने सोसला पाहिजे. म्हणजे २५ टनांच्या गुंडाळीला जोराच्या ब्रेकच्या वेळी २० टनांचा रेटा धरून ठेवता यावा. सर्व साखळ्या-पट्ट्यांची एकत्रित कार्यक्षमता मालाच्या वजनाच्या निम्म्याहून कमी असता कामा नये. निघाल्यावर पहिल्या ५० मैलांच्या आत थांबून बांधणी तपासायची आणि पुढे दर १५० मैलांनी किंवा तीन तासांनी, जे आधी येईल तेव्हा, पुन्हा हात लावून पाहायचे. पत्र्याच्या गुंडाळीचे भोक बाजूंकडे तोंड करून असेल, तर ती सुटताच चाकासारखी पुढे केबिनवर घरंगळते. तेथील चालक अशा मालाला 'आत्महत्या' म्हणून ओळखतात. त्या एका शब्दात एक सबंध धडा आहे.

या व्यवस्थेचे दोषही सांगितले पाहिजेत. नियमाने प्रशिक्षणाचे विषय ठरविले, पण किमान तास ठरविले नाहीत. कित्येक कंपन्या शिकाऊ चालकाकडून करार लिहून घेतात की, ठरावीक मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च त्याने भरावा. गरिबाच्या गळ्यात कर्जाचे लोढणे अडकवून त्याला कामाला जुंपण्याचा हा प्रकार आपण उचलण्याचे कारण नाही. शेजारच्या आसनावरचा शिक्षक घ्यावा, कर्जाचा करार तेथेच ठेवावा.

आपल्याकडील वाहतूकदार लगेच विचारतील, "आम्ही खर्च करून शिकवायचे आणि तो उद्या दुसऱ्याकडे गेला, तर?" प्रश्न खोटा नाही. पण न शिकविता तो आपल्याकडेच राहिला, तर काय होते, हेही पाहावे. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार आता साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तेथे एका भरधाव अवजड वाहनाने सुमारे ४८ वाहनांना धडक दिली. इंधन वाचविण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे प्राथमिक तपासात सांगण्यात आले. इंजिन बंद झाले की ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, सुकाणू जड होते आणि गाडीला मागे धरणारी इंजिनाची ओढही नाहीशी होते. उरलेली हवा संपली की चालकाच्या हाती काहीच उरत नाही. हे ज्ञान अर्ध्या तासात देता येते. ते दिले गेले नाही, तर चार पैशांच्या डिझेलसाठी अख्खा रस्ता वेठीला धरला जातो. २०२२ या एका वर्षात देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्या सर्वांचा दोष ट्रकचालकांवर टाकणे अन्यायाचे होईल. अनेक चालकच त्यांत बळी गेले आहेत.

जानेवारी २०२४ च्या प्रारंभी देशभरातील चालकांनी गाड्या उभ्या केल्या, ते नव्या न्याय संहितेतील कलमाविरुद्ध. अपघातानंतर खबर न देता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची त्यात तरतूद होती. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि एरवी ज्याच्याकडे आपण ढुंकून पाहत नाही, त्या माणसावाचून आपले दोन दिवसही चालत नाहीत, हे ध्यानात आले. पुढे १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. पळून जाणे गुन्हाच आहे. परंतु ज्याला शिकविण्याची जबाबदारी कोणीही घेतली नाही, त्याच्यासमोर फक्त शिक्षेचा आकडा ठेवणे हा न्यायाचा अर्धाच भाग झाला.

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, नव्या ट्रेलरचालकाने किमान काही महिने अनुभवी चालकाच्या सोबतीने भरलेली गाडी चालविल्याखेरीज त्याला एकटे पाठवू नये, आणि शिकविणाऱ्या चालकाला त्याचा वेगळा मोबदला मिळावा. दुसरी, ज्यांचा माल वाहिला जातो त्या पोलाद, सिमेंट व यंत्रनिर्मिती उद्योगांनी कारखान्याच्या दारातच मालबांधणीचे शिक्षण द्यावे आणि बांधणी तपासल्याशिवाय गाडी बाहेर सोडू नये. भाडे ठरविताना पैसे वाचवायचे आणि अपघात झाल्यावर हात झटकायचे, हा व्यवहार सभ्य नव्हे. तिसरी, विमा कंपन्यांनी प्रशिक्षित चालक ठेवणाऱ्या मालकाला हप्त्यात सवलत द्यावी. शिकविण्याचा खर्च मग केवळ एकाच्या अंगावर पडणार नाही.

नव्याने तयार होणाऱ्या ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. चालकाला माणूस म्हणून पाहण्याच्या दिशेने हे चांगले पाऊल आहे. पण केबिन थंड करण्याइतकेच तीत बसणाऱ्याचे हात शिकवणे अगत्याचे आहे. सुताराला, लोहाराला, गवंड्याला आपल्या परंपरेने कारागीर म्हटले. पंचावन्न टनांचा तोल सांभाळत घाट उतरणाऱ्याला आपण केवळ 'ड्रायव्हर' म्हणून हाक मारतो. मध्यमवर्गीय घरांतून 'शिकला नाहीस तर ट्रक चालवशील' असे मुलांना दटावले जाते. ट्रक चालविण्यासाठीही शिकावे लागते, हे ज्या दिवशी आपण घरात बोलू लागू, त्या दिवशी वाहतूकदार आणि सरकार यांच्याकडे शिक्षणाची मागणी करण्याचा नैतिक अधिकार आपल्याला प्राप्त होईल. तोवर महामार्गावर आपल्या मोटारीपुढे चाललेल्या ट्रेलरची साखळी कोणी आणि कोणाकडून शिकून बांधली आहे, हे आपल्याला ठाऊक नसेल. आणि त्याच साखळीच्या भरवशावर आपली मुलेबाळे मागच्या आसनावर निर्धास्त झोपलेली असतील.