ई-पीक पाहणी : दापोलीचा शेतकरी अ‍ॅपला कधी दिसला?

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी करत असलेली पीकनोंद आता शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची, त्यासाठी शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा. सातबाऱ्यावर पीक दिसले नाही तर पीककर्ज, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी, सगळीकडे अडचण.

वर्षभरातच, ऑगस्ट 2022 मध्ये दुसरी आवृत्ती आली. 48 तासांत एकदा दुरुस्ती, मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिके, मदतीचे बटण, एका मोबाईलवर 50 खातेदारांची नोंद. माणूस चुकतो, शेतात मिश्र पीक असते आणि फोन शेजाऱ्याचा असतो, हे कळायला एक हंगाम खर्ची पडायला नको होता. आधी कुठल्याही गावात दोन दिवस बसले असते तरी पुरले असते.

दापोलीसारख्या तालुक्यात तर घाटमाथ्यावरचे गृहीतक आणखी तोकडे पडते. इथे सातबाऱ्यावर नावांची रांग, त्यातले निम्मे चाकरमानी मुंबईत. ऐन भातलावणीत मुसळधार पाऊस, डोंगरउतारावर मोबाईलला रेंज नाही. आंबा-काजूची कलमे वर्षानुवर्षे तीच, तरी नोंद मात्र पुन्हा करायची. बांधावर उभे कोण राहणार, हा प्रश्न स्क्रीनच्या रंगरूपाआधीचा आहे.

आता शेतकऱ्यांची मुदत संपली की उरलेली पाहणी गावासाठी नेमलेले सहायक करतात. म्हणजे बांधावर पुन्हा तलाठ्यासारखाच कोणीतरी आला, फक्त हातात मोबाईल घेऊन.